आतून न उघडणारं दार

दि. ९ जानेवारी

प्रिय धाकट्यास,
ताईचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडायचं आणि तू तिकडून काय-काय करत बसायचं, म्हणून हा पत्रांचा उद्योग सुरू झाला. जन्मभर लोखंडी पाइपांवर हातोडे घातलेस. त्यात तुझे कान गेले आणि माझं अक्षर सुधारलं.

तब्येतीचं विचारतोस. गुडघे गेलेच होते, आता उजव्या खुब्यानंही अंग काढून घेतलंय. वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत, एवढंच माझं मैदान. शाळेतल्या मुलींना उंच उडी शिकवणारी ड्रिलची बाई आज मोजे घालायला सूनबाईची वाट बघते. हसू नकोस. बरं, थोडं हस.

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण पोटात राहत नाही. हिवाळा लागताना एका रविवारी मी एकटीच चर्चला जायला निघाले. लिफ्ट बंद, हे तुला माहीतच आहे. पहिल्याच वळणावर तोल गेला आणि पडले. हाड वाचलं, पण तुझ्या भाच्यानं तेव्हापासून ठरवून टाकलं. आता दोघंही सकाळी कामाला जातात, तो औषधांच्या कारखान्यात आणि सूनबाई दातांच्या दवाखान्यात, ते दाराला बाहेरून कुलूप घालून. आतून ते उघडत नाही. मी चिडले, रडले, जेवण टाकलं. तो म्हणतो, तुझ्या भल्यासाठीच आहे. रोज सकाळी किल्ली फिरली, की मी कडी एकदा ओढून बघते.

गेल्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब न कळवता आले. चार मजले चढून बिचारे धापा टाकतायत आणि मी आतून सांगतेय, की दार उघडता येत नाही. समोरच्या खोलीत एक म्हातारे घड्याळवाले एकटे राहतात. त्यांनी खुर्ची आणून दिली. पाळकसाहेबांनी बाहेर बसून प्रार्थना केली आणि मी आत उभी राहून आमेन म्हटलं. तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटलं रे. पुढे ती खुर्ची घड्याळवाल्यांनी तिथेच ठेवली.

मी प्रार्थना करते का, असं विचारू नकोस. तोंड उघडलं, की देवाकडे तक्रारच निघते.

जीव लावतोस तसाच लावत राहा, आणि उत्तराला महिना लावू नकोस.
तुझी,
ताई


दि. १९ जानेवारी

प्रिय ताईस,
धाकट्याचा सलाम आणि भाच्याला दोन थपडा, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हत्यारांची पिशवी काढली. असलं कुलूप काढायला मला हत्यारसुद्धा लागणार नाही. पण माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना गाडीचा फलाट दिसायचा नाही, हे आठवलं आणि पिशवी परत ठेवली. आपण दोघं कसली म्हातारी झालोय! एकाला पोचता येत नाही, दुसरीला निघता येत नाही.

कोंबडीसारखं कोंडून ठेवायचं आणि वर भलं म्हणायचं, ही कुठली रीत? मी त्याला सणसणीत पत्र टाकणार आहे. तू थांबवू नकोस.

देवाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. तुझी भावजय गेली त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. तो काही आपणहून येत नाही आणि मीही जात नाही. पण तू बोलतेस, तर एकदा विचारून घे, की तो त्या दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे.

आता कामाचं. आमच्या इमारतीत तळमजल्यावरची मागची खोली फेब्रुवारीत रिकामी होतेय. दार सरळ अंगणात उघडतं. एकही पायरी नाही. इथलं चर्चही दोन गल्ल्या टाकून आहे. घंटा इथवर ऐकू येते म्हणतात, मला येत नाही ते सोड. तू ये. नळ मी नवा बसवतो.

राग माझ्यावर काढ, जेवणावर काढू नकोस.
तुझा,
धाकटा


दि. २ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझ्या खोलीबद्दल वाचल्यापासून मी रोज दुपारी मनातल्या मनात त्या अंगणात खुर्ची टाकते. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. थोडी कळ काढ.

झालं असं, की मागच्या आठवड्यात तीन-चार दिवस मला देवाशी काही बोलताच येईना. तक्रारही आटली. खिडकीशी नुसती बसून राहिले. तेव्हा लक्षात आलं, की उभ्या जन्मात मी कधी धड प्रार्थना केलेलीच नाही. सकाळी धावायला जाताना भराभर नावं घ्यायची: हा आजारी, त्याला बरं कर, ती परीक्षेला बसलीय, तिला पास कर. मैदानावर हजेरी घेतात ना, तशी. देवाशीही मी शिट्टी वाजवूनच बोलत होते. अंगात ताकद होती, पाय पळत होते, थांबायची गरज कधी पडली?

आता पळताच येत नाही, तर एका माणसाचं नाव घेते आणि सकाळभर त्याच्याजवळ थांबते. मागत काही नाही, त्याला मनात धरून बसते. एक दिवस तू, एक दिवस सूनबाई, जी माझे मोजे चढवताना घड्याळाकडे बघते आणि तरीही टाच नीट बसवते. हे पूर्वी दिसलं नव्हतं मला. आत काहीतरी हळूहळू घट्ट होत चाललंय, बाहेरचं सगळं ढिलं पडत असताना. फार मोठं काही सांगतेय असं समजू नकोस. दुसऱ्याच दिवशी किल्ली फिरली, की मी पुन्हा जळफळतेच.

एकाच नावाशी अडते, ते म्हणजे माझ्या मुलाचं. त्याचं नाव घेतलं, की दातओठ आवळले जातात. बोलायला गेले, की माझा मैदानावरचा आवाज निघतो आणि तो मान खाली घालून आतल्या खोलीत जातो.

तुला एक गंमत सांगते. घड्याळवाले आता दुपारी बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसतात. दाराच्या आतल्या बाजूला मी. असे आमचे गप्पांचे फड जमतात. त्यांचा देवाबिवावर विश्वास नाही. तुमचं दोघांचं छान जमेल. त्यांची मुलगी लांबच्या शहरात असते, फोन करते, पण येणं होत नाही. त्यांना खोकला आहे. मी त्यासाठी प्रार्थना करते म्हटलं, तर म्हणाले, की करा, फक्त औषध बंद करायला सांगू नका.

डोळ्यांचं ऑपरेशन लांबवू नकोस. माया आहेच, ती कळवत राहा.
तुझी,
ताई


दि. २१ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,
सलाम, वि. वि.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. घड्याळवाले गेले.

मंगळवारी दुपारची वेळ. ते पाव-दूध आणायला खाली गेले होते. त्यांची पावलं मला ओळखू येतात. तिसऱ्या मजल्यावर थांबून दम खातात, मग उरलेला जिना चढतात. त्या दिवशी वर आले आणि पिशवी पडल्याचा आवाज झाला. मागोमाग खुर्ची आपटली. दाराच्या भोकातून पाहिलं, तर आडवी झालेली खुर्ची आणि एक बूट, एवढंच दिसलं.

मी हाका मारल्या. ते म्हणाले, छातीवर कुणीतरी बसलंय. आणि म्हणाले, बाई, जरा दार उघडा. विसरले होते बिचारे. मी कडी धरून हिसडे दिले, वॉकर दारावर आपटला, ओरडून घसा बसवला. खालच्या मजल्यावर त्या वेळी कुणी नसतं. मुलाला फोन लावला, पण कारखान्यात फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. सूनबाईनं उचलला. तिनं ॲम्ब्युलन्सला कळवलं आणि स्वतःही निघाली. पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मग ते हळूच म्हणाले, की ओरडू नका, त्रास होतो, नुसतं बोलत राहा.

डॉक्टरांनी मला जमिनीवर बसायची सक्त मनाई केलीय. मी बसले. कशी बसले ते विचारू नकोस, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दाराखाली वर्तमानपत्र सरकवण्यापुरती फट आहे. तिथून त्यांची बोटं दिसत होती, नखांत तेलाची काळी रेघ असलेली. मी माझी बोटं बाहेर सरकवली. त्यांनी धरली. गार होती रे.

काय बोलावं कळेना, म्हणून जे येतं तेच केलं. श्वास घ्या, सोडा, घ्या, सोडा, असं मैदानावर मुलींना सांगावं तसं हळू आवाजात मोजत राहिले. ते माझ्याबरोबर श्वास घेत होते. मोजता मोजता कधी प्रार्थना सुरू झाली, मलाही कळलं नाही. चमत्कार मागितला नाही. प्रभूला एवढंच सांगत होते, की हा तुझा माणूस इथे पडलाय, माझा हात एवढाच पोचतो, इथून पुढे तू धर. मध्येच मी थांबले. मला वाटलं, यांना हे आवडत नसेल. तर म्हणाले, माझा विश्वास नाही बाई, पण थांबू नका.

धाकट्या, त्या वेळी मला गुडघे नव्हते, खुबा नव्हता, वय नव्हतं. मी बंद दाराआड आहे हेसुद्धा आठवलं नाही. स्ट्रेचरवाले यायच्या आधीच त्यांची बोटं सैल झाली. मी मात्र सोडली नाहीत.

मग माणसं जमली. कुलूप बघून माझ्या मुलाला नको नको ते बोलू लागली. मी आतून सांगितलं, की तो माझा मुलगा आहे, जे बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही त्या माणसाकडे बघा. सूनबाई आली, कुलूप काढलं, आणि मला जमिनीवर पाहून तिथेच बसली.

मी बोलेन म्हणाले, पण बोलले नाही. तो संध्याकाळी आला, माझ्यासमोर ताट ठेवलं. मी तोंड फिरवलं. देवावर विश्वास नाही असं सांगणाऱ्या माणसासाठी मला प्रार्थना सुचते आणि पोटच्या पोराशी एक शब्द निघत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुन्हा कुलूप लावलं.

तुझी,
ताई


दि. २ मार्च

आदरणीय मामांस,
सादर सलाम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही जे जे लिहिलंत त्यातलं मी काहीच खोडून काढणार नाही. इमारतीतले लोक माझ्याशी बोलत नाहीत. आईही बोलत नाही. कुलूप नसतं तर घड्याळवाले काका वाचले असते का, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण आईनं दार उघडून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं असतं, एवढं मला कळतं.

तरीही मी पुन्हा कुलूप का लावलं, असं विचारता. मामा, बाबांची शेवटची वर्षं तुम्हांला आठवत असतील. त्यांना माणसं ओळखू येईनात, घर ओळखू येईना. एका दुपारी ते दार उघडून निघून गेले आणि गावाबाहेरच्या नाल्यात सापडले. ओळख पटवायला मी एकटा गेलो होतो. मी आईला त्यांना पाहू दिलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की झोपल्यासारखे दिसत होते. ते झोपल्यासारखे दिसत नव्हते.

तेव्हापासून घराचं दार उघडं दिसलं, की मला घाम फुटतो. आई जिन्यात पडली त्या दिवशी मला ती दिसलीच नाही, बाबाच दिसले. काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावायचं नाही असं ठरवून बाहेर पडलो होतो. किल्ली हातात कधी आली आणि कधी फिरली, मला कळलं नाही. खाली उतरलो, तेव्हा किल्ली मुठीत होती. परत वर जायचं धाडस झालं नाही.

ती तुमच्याकडे सुखी राहणार असेल तर तिला घेऊन जा. मी अडवणार नाही. मात्र बाबांना मी कसं पाहिलं ते तिला कळवू नका.

आपला आशीर्वाद डोक्यावर असू द्या. रागही चालेल.
आपला भाचा


दि. ९ मार्च

प्रिय ताईस,
सलाम, वि. वि.

खोली रिकामी झालीय. चुना मारून घेतला, नळ बसवला. कधी येतेस एवढंच कळव.

हे लिहिल्यावर बराच वेळ पेन हातात धरून बसलो. भाच्याचं पत्र आलंय. त्यानं एक गोष्ट तुला सांगू नको म्हटलंय, म्हणून मी सांगत नाही. तू त्यालाच विचार. कुलपाबद्दल विचारू नकोस, बापाबद्दल विचार. आणि तुझा तो मैदानावरचा आवाज सोडून. मी त्याला फार बोललो, ताई. आता जिभेवर कडूपणा राहिलाय.

अजून एक. काल तुझ्या भावजयीच्या कबरीवर गेलो होतो. गवत वाढलंय. ते उपटलं आणि उभा राहिलो. तिथे काहीतरी म्हणतात माणसं. मला काही आलं नाही. तू त्या घड्याळवाल्यापाशी बोललीस तसलं काही माझ्यासाठी बोलशील का? माझाही विश्वास नाही हं, पण थांबू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २३ मार्च

प्रिय धाकट्यास,
ताईचा मनापासून सलाम, वि. वि.

तुझं नाव घेऊन मी रोज सकाळी बसते. बसत होतेच, आता तू मागितलंस म्हणून ते गोड लागतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दिवसभर माझ्या मुलाचं नाव घेऊन बसले. दातओठ आवळलेच. संध्याकाळ होईपर्यंत मी प्रभूला एकच सांगत होते, की राग माझ्याच्यानं सुटत नाही, तू सोडव. संध्याकाळी तो आला. मी त्याला माझ्याजवळ पलंगावर बसवलं आणि विचारलं, की तुझ्या बाबांना तू कसं पाहिलंस. तो उठायला लागला. मी हात धरला. पायांत ताकद नाही, पण पकड अजून आहे माझी. मग त्यानं सांगितलं. सगळं. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही त्यातलं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं हे पोर ते एकट्यानं उचलून चाललं होतं. धाकट्या, मी माझ्या कोंडमाऱ्याचं रडत होते आणि माझ्याच घरात माझ्याहून जास्त कोंडलेला माणूस रोज माझ्यासमोर जेवत होता.

मीही त्याला खरं तेच सांगितलं. म्हटलं, मी जिन्यात पडून मरेन, नाहीतर पलंगावर. कधीतरी तुलाच मी तशी सापडेन, आणि ते कुठल्याही कुलपानं टळायचं नाही. मला त्याची भीती वाटत नाही. जिथे जायचंय ते ठिकाण माझं ओळखीचं होत चाललंय. पण तोवर तू माझा पहारेकरी झालास, तर मला मुलगा उरणार नाही. तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मग आम्ही तिघांनी प्रार्थना केली. शब्द माझेच होते, पण आमेन म्हणताना त्याचा आवाज माझ्याआधी निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेर गेला आणि दारापाशीच उभा राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. किल्ली कुलपाला लागली, खुळखुळली, आणि मग पावलं जिना उतरत गेली. दार नुसतं ओढलेलं होतं. मी त्या दिवशी उघडलं नाही. पुढचे काही दिवसही नाही.

परवा दार वाजलं. घड्याळवाल्यांची मुलगी. बापाची खोली आवरायला आली होती. तिला इमारतीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, की शेवटी त्यांच्याजवळ मी होते. मी दार उघडलं आणि वॉकर घेऊन जिन्यावरची ती चार हात जागा ओलांडली. दोनदा थांबले. त्यांच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. टेबलावर उघडी घड्याळं, भिंग, चिमटे, सगळं जिथल्या तिथे. मला खुर्चीवर बसवून ती समोर बसली आणि तिनं विचारलं, की त्यांना त्रास झाला का, आणि ते एकटे होते का.

मी तिच्याशी खोटं बोलले नाही. म्हटलं, त्रास झाला. पण एकटे नव्हते. त्यांची बोटं माझ्या हातात होती, आणि माझा हात जिथे संपत होता तिथून पुढे त्यांना दुसऱ्या कुणीतरी धरलं होतं. त्यावर तुम्ही विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही, मी तिथे होते म्हणून सांगते. तिनं खाली बसून माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. माझे हे दुखरे, सुजलेले गुडघे. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. वेळेचं भान दोघींनाही राहिलं नाही.

इतक्यात समोर आमच्या दाराचा आवाज झाला. तुझा भाचा त्या दिवशी लवकर घरी आला होता. दार उघडं, घर रिकामं. त्यानं मारलेली हाक मी या जन्मात विसरणार नाही. मोठ्या माणसाची नव्हती ती. तो धडधडत जिना उतरायला लागला. मला उठता येईना. मी होता नव्हता तेवढा आवाज काढून त्याच्या लहानपणीच्या नावानं हाक मारली, की इथे आहे रे मी, समोरच आहे.

तो परत वर आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. अंगातला शर्ट घामानं भिजलेला. त्यानं मला पाहिलं, माझ्या गुडघ्यांशी बसलेल्या त्या मुलीला पाहिलं, आणि तिथेच जमिनीवर बसला. थोड्या वेळानं त्या मुलीनं उठून चहा टाकला. कप रिकामा झाल्यावर तो तिला म्हणाला, की तुमच्या बाबांची मला माफी मागायची होती. तिनं मान हलवली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. मग त्यानं मला धरून घरी आणलं. घरी येताना मी एकदाही थांबले नाही, कारण त्यानं मला जवळपास उचललंच होतं.

तुझी खोली दुसऱ्या कुणाला तरी दे. माझ्यासाठी चुना मारलास, नळ बसवलास, ते मला पोचलं. मी इथे सोसायचं म्हणून राहत नाही. मी गेले तर हा पोरगा उघड्या दाराला जन्मभर घाबरत राहील, आणि त्याच्याजवळ बसायला मला आता वेळही आहे, बळही आहे. हे बळ मला उंच उड्या मारायच्या वयात नव्हतं.

आज सकाळी त्याचा चेहरा पांढरा पडला होता. परवाच्या त्या हाकेतून तो अजून सावरलेला नाही. उद्या तो कुलूप लावेल की नाही, मला माहीत नाही. लावलं, तर संध्याकाळी पुन्हा बोलू.

तू डोळे करून घे आणि ये. चार मजले आहेत, दम खात खात चढ.

आठवण काढतोस, तशीच काढत राहा.
तुझीच,
ताई